अण्णांचं मालूम

पैज लागली ती जळकोटला, लग्नाच्या मांडवात, वैशाख शुद्ध तृतीयेला, पहिली पंगत उठल्यावर. रक्कम नव्हती, एक दुभती म्हैस होती. हजर होते नवरदेव, नवरी, नवरीचे वडील आणि नवरीचा आठ वर्षांचा भाऊ गुंडप्पा. मी नव्हतो. मी तेव्हा पाळण्यात होतो, आणि तो पाळणाही नांदेडला होता. त्यामुळे हा भाग ऐकीव आहे. पुढं तिघांनी मला तीन तऱ्हांनी सांगितला, त्यातलं तिघांचं जुळलं तेवढंच लिहितो.

सासऱ्यांनी आहेराच्या भांड्यांमागून एक लोखंडी वस्तू काढली आणि जावयाच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "जावईबापू, समदे म्हनत्यात तुमाला मशिनीतलं लई कळतंय. ह्ये काय हाय ते सांगा. सांगितलं तर गोठ्यातली म्हैस तुमची." नवरदेवानं वस्तू उचलली, तिचा वास घेतला, नखानं टिचकी मारून ती कानाशी धरली आणि म्हणाला, "मालूम हाय."

"काय हाय?"

"येळ आली की सांगीन."

हा नवरदेव म्हणजे पुढं आमचे शेजारी झालेले अण्णा. वेळ यायला त्यानंतर पन्नास वर्षं लागली.

अण्णांचं दुकान लातूरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, कडबा कुट्टी यांचे जुने सुटे भाग तिथं मिळत. पाटीवर दुकानाचं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. भोकरपासून निलंग्यापर्यंत लोक 'मालूम अण्णा' एवढंच विचारत येत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात पाना, आणि तोंडात ते एकच वाक्य. गिऱ्हाइकानं गठुडं सोडायच्या आधीच अण्णा म्हणत, "मालूम हाय."

एकदा मी दुकानात बसलेलो असताना भोकरकडचा एक माणूस टॉवेलात गुंडाळून एक तुकडा घेऊन आला. "अण्णा, ह्ये कशातनं पडलं कळंना झालंय." अण्णांनी वास घेतला, टिचकी मारली. "कडबा कुट्टीचं हाय."

"माज्याकडं कुट्टीच न्हाई."

"मंग शेजाऱ्याची हाय. दिऊन या."

तो माणूस खरंच जाऊन देऊन आला. महिन्याभरानं त्यानं येऊन सांगितलं की शेजाऱ्याकडंही कुट्टी नव्हती, पण त्यानं तुकडा ठेवून घेतला. "बघा," अण्णा म्हणाले, "त्याला पटलं."

आमच्या कूलरची मोटार जळाली तेव्हा अण्णांनी कुठलीशी दुसरी मोटार आणली. "ही ह्याची न्हाई, पर बसतीय." बसली. फक्त पंखा उलटा फिरू लागला आणि गार हवा घरात यायच्या ऐवजी गल्लीत जाऊ लागली. उन्हाळाभर गल्लीतली कुत्री आमच्या खिडकीखाली निवांत झोपत होती. मी तक्रार केली तर अण्णा म्हणाले, "गार हुतंय का न्हाई? मंग मशीन चांगली हाय, साहेब. तुमी उलटीकडं बसलाव."

माझं काम आकड्यांचं. गॅसचा सिलिंडर किती दिवस चालला ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. अशा माणसाला अण्णांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण अण्णांनी चुकीच्या ओळखीवर कधी कुणाकडून जास्तीचं घेतलं नाही, आणि चुकलेला माणूस इतक्या आनंदात असू शकतो हे मी त्यांच्या दुकानात पहिल्यांदा पाहिलं.

आता ती वस्तू. दोन गोल लोखंडी डबे, आडवे, एकमेकांशेजारी; गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना ओझं टाकावं तसे मधल्या पट्टीनं जोडलेले. वर हातात धरायला चामड्याचा वाळलेला पट्टा, खाली मध्यभागी एक अरुंद तोंड. गोगलगायीच्या पाठीसारखी डब्यांवर वळणं. घरात तिला नाव नव्हतं, म्हणून काकू, म्हणजे मांडवातली ती नवरी, तिला 'तुमचं मालूम' म्हणत. "अवो, तुमचं मालूम जरा तिकडं सरकवा, मला झाडायचं हाय." पाहुण्यांना वाटे, हा एखादा देव असावा.

अण्णा अधूनमधून अंदाज सोडत, पण उत्तर म्हणून नव्हे, इशारा म्हणून. एक वर्ष "शेतकीकडचं हाय." पुढं "रसवंतीकडचं असतंय असं." एकदा भाजी निवडताना त्यांच्या लक्षात आलं की कोवळी भेंडी त्या तोंडातून अगदी मापात आत जाते. त्यांनी एक घातली, मग दुसरी घातली, मग पाव किलो घातली. आत गेली ती भेंडी बाहेर येईना. चार दिवसांनी घरात असा वास सुटला की काकूंनी आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं आणि आम्ही तिघांनी ते मालूम अंगणात उलटं धरून आपटलं. अण्णा शांतपणे बाजूला उभे. म्हणाले, "किती बसत्यात ते मुद्दाम बघून राहिलो होतो."

"मग काय हाय ते?" काकूंनी विचारलं.

"येळ आली की सांगीन."

दर वर्षी खंडेनवमीला दुकानात पूजा असे. एका पाटावर अवजारं: पाने, पक्कड, करवत, तराजू. दुसऱ्या पाटावर हत्यार, म्हणजे नारळ फोडायचा एकुलता एक कोयता. मालूम कुठल्या पाटावर ठेवायचं, हा दर वर्षीचा पेच. अवजारात ठेवलं तर ते अवजार आहे असं बोलल्यासारखं होणार. हत्यारात ठेवलं तर हत्यार. म्हणून अण्णा त्याला मधोमध वेगळ्या स्टुलावर बसवत. तेल लावत, मधल्या पट्टीवर जिथं सपाट जागा होती तिथं हळदकुंकवाचं ठसठशीत बोट ओढत, झेंडूची माळ घालत. प्रसादाला जळकोटहून गुंडप्पा येत. तो आठ वर्षांचा मुलगा आता मिशांचा, पोटाचा आणि अकरा म्हशींचा मालक झाला होता. येताच ते स्टुलाकडं बोट करत. "दाजी, येळ आली का?"

"जवळ आली."

"लवकर येऊ द्या. त्या म्हशीच्या पणतीची लेक सुदिक व्याली गोठ्यात."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरुणपणी ते मोठ्या लढाईत परदेशात कुठंतरी वाळवंटात लष्करी ट्रक चालवायचे आणि येताना ही वस्तू घेऊन आले, एवढंच काकूंना ठाऊक. बाकी ते बोलत नसत.

मग लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि मुलांनी मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरवला. गुंडप्पानं फोनवर जाहीर केलं, की म्हैस कार्यालयाच्या दारात आणून बांधतो. दाजींनी माईकवरून सांगायचं. नाहीतर माईकवरूनच हरलो म्हणायचं आणि बाबाची वस्तू परत करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तांदळाच्या पोत्यात मालूम घालून आमच्या दारात उभे.

"साहेब, मला मालूम हाय," ते म्हणाले. "तुमाला मालूम हाय का, त्येवढं बघाया आलो."

"मला नाही बुवा माहीत."

"मंग आपन दोघं मिळून यकीन करून घिऊ."

ते खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांनी चहा अर्धा ठेवला. खाली बघत म्हणाले, "दुकानात हजार येळा चुकलो तर चालतंय. लोक हसत्यात, दुसरा पार्ट नेत्यात. पर ही तिच्या बापाची वस्तू हाय. ती गुंडूच्या गाडीत परत जाताना तिनं बघायचं, ते मला नगं." काकू गेली पन्नास वर्षं चारचौघांत म्हणायच्या, "ह्यांना समदं मालूम असतंय, फकस्त त्येवढं एक सोडून." त्या हसत म्हणायच्या. अण्णाही हसायचे. त्या सकाळी कळलं की ते नुसते हसायचे नाहीत.

मी कामाला लागलो. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पोत्यासकट वजन केलं, मग पोतं वजा केलं. मोजपट्टी लावून लांबी-रुंदी घेतली. बायको म्हणाली, "लोखंडाला काटा दिला, आता कणीक कशावर मोजू?" पण मधल्या पट्टीकडं बघून तीच म्हणाली, "अण्णा, ह्या कुंकवाखाली काहीतरी उठलेलं दिसतंय."

पन्नास खंडेनवम्यांचं तेल आणि कुंकू तिथं वाळून खडूसारखं घट्ट झालं होतं. अण्णांनी दर वर्षी त्याच जागी बोट ओढलं होतं, कारण तेवढीच जागा सपाट होती. आणि सपाट जागा होती म्हणूनच बनवणाऱ्यांनी तिथं शिक्के मारले होते. अण्णांनी आधी त्या जागेला हात जोडले. मग बायकोनं गोडेतेलाचा बोळा फिरवला. खालून तीन इंग्रजी अक्षरं निघाली, आणि पंख पसरलेला एक इवलासा पक्षी.

"कोंबडी हाय," अण्णा लगेच म्हणाले. "पोल्ट्रीचं हाय ह्ये. दाने टाकायचं."

मी फोटो काढले आणि जुन्या विमानांचे अवशेष जमवणाऱ्या लोकांच्या एका इंटरनेटवरच्या गटात टाकले. माझ्या भाच्याचा सल्ला होता, की असे पंखवाले शिक्के त्या लोकांना कळतात. पहिलं उत्तर आलं, की ही पीठ चाळायची चाळणी आहे. दुसरं, की सिनेमाची रिळं ठेवायचा डबा. दोन्ही वेळेस अण्णा म्हणाले, "बघा, मालूम हुतं मला." तिसऱ्या दिवशी जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचं उत्तर आलं. फोनवर भाषांतर करून मी वाचून दाखवलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला होता: ते रिकामं आहे का?

अण्णा म्हणाले, "लिवा, एखादी भेंडी आसंल."

मला खोटं लिहिता येत नाही. मी लिहिलं, 'रिकामं आहे. आत एखादी जुनी भाजी असू शकते.' त्याचं उत्तर आलं: 'कोणती भाजी?' ती किती बसली, तेही मी कळवलं. माणूस बारकाईचा होता. मला तो आवडला.

पुढं त्यानं लिहिलं होतं: 'हे काय असावं याचा अंदाज आहे, पण नक्की मला माहीत नाही. तोंडाचे आणखी दोन फोटो पाठवा.'

अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले. "काय म्हनाला?"

"नक्की माहीत नाही म्हणतो."

"आसं लिवलं त्यानं? सोताहून?" अण्णांनी फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला. "आन् तरी लोक त्याला इचारत्यात?"

फोटो पाठवले. रात्रीतून उत्तर आलं आणि ते लांबलचक होतं. ही वस्तू म्हणजे जुन्या जर्मन लष्करी विमानातल्या मशीनगनचा गोळ्यांचा डबा. बॉम्बफेकी विमानात मागं तोंड करून एक माणूस बसे. पट्ट्याला धरून तो हा डबा बंदुकीवर खटकन बसवी. दोन डबे अशासाठी, की गोळ्या संपत जाताना दोन्ही बाजू सारख्याच हलक्या व्हाव्यात आणि बंदूक कलू नये. दोन्ही मिळून पंचाहत्तर गोळ्या. असाच दिसणारा डबा पायदळाकडंही असे, पण तोंडाची घडण आणि शिक्के बघून हा विमानातलाच, अशी त्याची खात्री झाली होती. पक्षी म्हणजे तपासनिसाचा शिक्का, गरुडाचा. शेवटी त्यानं लिहिलं होतं, की भेंडी लांबीला साधारण गोळीएवढीच असते हे त्याला नव्यानं कळलं, आणि त्याबद्दल तो आभारी होता.

अण्णांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "दोन्हीकडून सारखं हलकं व्हावं म्हून. लई हुशार मानसं. पर हुशारी कुठं लावली बघा." मालूमकडं बोट करून म्हणाले, "आन् आपन त्याला झेंडू घातला."

मी नियमाप्रमाणं ठाण्यात अर्जही दिला. तिथल्या माणसानं अर्ज पूर्ण वाचला, फोटो पाहिले आणि विचारलं, "बंदूक कुठंय?" मी म्हटलं, "विमानाबरोबर गेली असणार." "विमान सापडलं की या," तो म्हणाला आणि अर्जावर शिक्का मारून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी कार्यालयाच्या दाराशी खरोखरच म्हैस बांधलेली होती, शिंगांना रिबिनी लावून. व्यासपीठावर स्टुलावर मालूम. हार-तुरे झाल्यावर गुंडप्पानं माईक घेतला. "मंडळी, पन्नास वर्षं झाली. दाजी, येळ आली का?"

"आली," अण्णा म्हणाले. स्वयंपाकघरातले आचारीसुद्धा झारे घेऊन बाहेर आले. अण्णांनी घसा साफ केला आणि एका दमात सांगितलं, "ह्यो जर्मनीच्या लढाईतल्या इमानाच्या मशीनगनचा गोळ्याचा डबा हाय. मागं त्वांड करून मानूस बसायचा, त्याचा. पंचाहत्तर गोळ्या. दोन्हीकडून सारखं हलकं व्हावं म्हून दोन."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. "अण्णा, लई भारी!" "जर्मनी! इमान!" कुणीतरी मागून ओरडलं, "अण्णा, भेंडीची मशीनच बरी हुती!" काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी उठून फोन दाखवू लागलो तर शेजारचे गृहस्थ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "साहेब, तुमाला पन सामील करून घेतलं व्हय?" आयुष्यभरात ज्या एकमेव वस्तूची अण्णांना शंभर टक्के बरोबर माहिती होती, तिच्यावर एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही.

अण्णा गुंडप्पाकडं वळले. "गुंडू, तू सांग. तुझ्या बापानं तुला सांगितलं आसंल की. बराबर हाय का न्हाई?"

गुंडप्पाची मिशी खाली आली. "दाजी, बाबाला कुठं मालूम व्हतं?"

"काय?"

"बाबाला ती वाळूत पडलेली घावली. धा जनाला इचारलं, कुनालाच कळंना. तुमाला मशिनीतलं कळतंय म्हून म्हैस लावली. तुमी मालूम हाय म्हनालाव, तर बाबाला लई बरं वाटलं. मरस्तोवर म्हनायचा, जावयाला मालूम हाय, येळ आली की सांगतील."

हशा हळूहळू ओसरला. अण्णांनी माईक दोन्ही हातांत धरला. काकूंकडं बघितलं. मग म्हणाले, "मला पन मालूम नव्हतं." त्यांनी माईक आणखी जवळ घेतला. "त्या दिवशी मालूम नव्हतं. पन्नास वर्षं मालूम नव्हतं. गेल्या आठवड्यात त्या जर्मनीच्या मानसानं सांगितलं."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. झालं ते असं की पहिल्यापेक्षा दुप्पट हसू फुटलं. "चेष्टा करून राहिले अण्णा!" "अण्णाला मालूम नव्हतं म्हनं!" टाळ्या, शिट्ट्या. मालूम अण्णांना एखादी गोष्ट माहीत नव्हती, हे तर जर्मनीच्या विमानापेक्षाही अशक्य होतं. फक्त काकू हसत नव्हत्या. त्या उठल्या, अण्णांच्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाल्या, "जेवायला बसा समदे. भात निवायलाय." पंक्तीत त्यांनी अण्णांना शेंगपोळीवर दोनदा तूप वाढलं. मी समोरच होतो, म्हणून खात्रीनं लिहितो.

म्हैस द्यायला गुंडप्पा तयार होते. बाबाला उत्तर हवं होतं, उत्तर आलं, शब्द म्हणजे शब्द. पण अण्णा अडून बसले. "ज्यानं सांगितलं त्याची म्हैस." मला ते पटलं. मी जर्मनीला कळवलं, की आपल्याला एक दुभती म्हैस देय आहे, कशी पाठवावी? दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यानं म्हशीचं वय, वजन आणि स्वभाव विचारला होता, आणि सध्या ती आपल्यातर्फे तिथंच सांभाळावी, अशी विनंती केली होती. वजन मी कळवू शकलो नाही. आमचा काटा पाच किलोपर्यंतच आहे.

त्यानंतर दर महिन्याला अण्णा जळकोटला जात, म्हशीशेजारी उभं राहून फोटो काढवत आणि मला पाठवायला लावत. इस्त्रीचा शर्ट असे. दुकानात मात्र काही बदललं नाही. गठुडं सुटायच्या आत "मालूम हाय" यायचंच. फक्त गिऱ्हाईक गेल्यावर, मी एकटाच असलो तर, हळूच म्हणत, "साहेब, ह्याचा एक फोटू काढा बरं."

गेल्या हिवाळ्यात अण्णांना दवाखान्यात ठेवलं. तपासण्यांचे कागद हातात घेऊन डॉक्टर जपून म्हणाले, "आजोबा, तुम्हाला काय झालंय याची कल्पना आहे का?"

"मालूम हाय."

"काय झालंय?"

"येळ आली की सांगीन," अण्णा म्हणाले, आणि काकूंकडं बघून डोळा मारला. आठवड्यानं ते गेले.

मी जर्मनीला कळवलं. उत्तराला या वेळी उशीर झाला नाही. त्यानं लिहिलं होतं, की उत्तर त्यानं दिलं हे खरं, पण प्रश्न पन्नास वर्षं अण्णांनी सांभाळला. तेव्हा म्हैस त्यांच्या पत्नीची. मी ते छापून काकूंना दिलं.

महिन्याभरानं गुंडप्पा पिकअपमधून म्हैस आणि रेडकू घेऊन आमच्या कॉलनीत आले. गेटमधून म्हैस आत शिरली आणि आमच्या कूलरसमोर उभी राहिली. गुंडप्पानं घाम पुसला. "अक्का, हिला बांधायचं कुठं?"

काकूंनी इकडंतिकडं बघितलं. फरशी, स्कूटर, माझं गेट. "मला न्हाई मालूम," त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, जसं कुणीही म्हणेल. मग पुढं होऊन त्यांनी म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं. ते लावताना तिथं काही लिहिलेलं नाही ना, हे आधी अंगठ्यानं चोळून पाहिलं.

म्हैस त्याच पिकअपमधून जळकोटला परत गेली. व्यवहार मिटला तो असा: म्हैस एक, रेडकू एक, देणार गुंडप्पा, घेणार काकू. चारा गुंडप्पाचा, आणि काकूंना महिन्याला तुपाचा एक डबा. पहिल्या डब्यातली एक वाटी काकूंनी आमच्याकडं पाठवली. ती मी मोजली नाही.